तिसऱ्या हाकेला ओ

आमच्या घरी पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसरीलाही नाही. बाहेरून हाक आली आणि हाक मारणारं माणूस डोळ्यांना दिसत नसेल, तर तिसरी हाक येईपर्यंत तोंड मिटून बसायचं. निपाणीच्या अलीकडं आमचं गाव आहे, आणि गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दूधवाला दारात येतो आणि एका दमात तीन हाका मारून मोकळा होतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, संध्याकाळी तंबाखूच्या वखारीतून घरी येतात तेव्हा हाक मारायचा त्यांना कंटाळा, म्हणून उंबऱ्याबाहेर तीनदा खाकरतात. लहानपणी मला वाटायचं आप्पांना खोकल्याचं जुनं दुखणं आहे.

जे माणूस नसतं ते फार तर दोनदा हाक मारतं, तिसऱ्यांदा त्याला मारता येत नाही, अशी आमच्या भागात जुनी समजूत. इतर घरांत ती म्हाताऱ्यांच्या तोंडी असते आणि पोरं तिच्यावर हसतात. आमच्या घरात हसत नाहीत. त्याचं कारण माझी थोरली बहीण, आक्का.

मी तेव्हा शाळेतही जात नव्हते, त्यामुळं यातलं मला काहीच आठवत नाही. जे आहे ते आईनं सांगितलेलं. तंबाखूच्या काढणीचे दिवस होते, सगळं गाव रानात, दुपारची वेळ. आई पुढच्या सोप्यात आडवी झाली होती आणि मी तिच्या कुशीत झोपले होते. आक्का दाराशी बसून वेणी घालत होती. बाहेरून हाक आली, "आक्का, ये की गं." आक्का म्हणाली, "आले आले," आणि उठून गेली. मागं वळून बघितलं असतं तर तिला दिसलं असतं की मी तिथंच झोपलेय. कारण हाक माझ्या आवाजात होती.

आईला आवाज ऐकू आला आणि त्याच वेळी हाताखाली माझी पाठ लागत होती. तिला उठून दारापर्यंत जायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात आक्का दिसेनाशी झाली. संध्याकाळी ती घरामागच्या विहिरीत सापडली. एक वेणी घातलेली आणि दुसऱ्या बाजूचे केस मोकळे. पाय घसरला असं लोक म्हणाले, पोलिसांनीही तेच लिहिलं.

आईनं हे मला एकदाच सांगितलं, मी न्हातीधुती झाल्यावर. मला कुणी कधी दोष दिला नाही, द्यायचं कारणही नव्हतं. पण मला त्या हाकेचा भयंकर राग आला. आपला आवाज आपल्याला न विचारता कुणीतरी वापरून गेलंय, ह्या गोष्टीचं माणसानं करायचं काय? त्यानंतर कितीतरी दिवस मी घरात बोललेच नाही, खुणांवर भागवलं. आप्पांनी शेवटी वैतागून विचारलं, "पोरगी मुकी झाली का काय?" मग बोलायला लागले. पण बाहेरून कुणाला हाक मारायची वेळ आली तर आजही मी आत जाऊन त्याच्या खांद्याला हात लावते.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, आमची आई तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली. विहिरीवर लोखंडी जाळी आली, मागचं दार कायमचं बंद झालं, आणि घरातला तीन हाकांचा नियम गावभर माहीत झाला. त्या नियमाच्या आत मी वाढले, कॉलेज केलं, निपाणीत एका पतपेढीत कारकुनी केली. लग्न झालं ते बेळगावजवळच्या मच्छे गावच्या मुलाशी. तो नेदरलँड्सला शिकायला गेलेला आणि पुढं तिकडचाच नागरिक झालेला. लग्नानंतर बायकोनं त्याच्याकडं जायचं तर आधी डच भाषेची परीक्षा द्यावी लागते, हे मला हळद उतरल्यावर समजलं. मराठी घरची, कानडी ऑफिसची, हिंदी टीव्हीची, इंग्रजी कॉलेजची, आणि आता ही पाचवी. मी नवऱ्याला म्हटलं, "आधी सांगितलं आसतंस तर दुसरा बघितला आसता." तो हसला. मी अर्धं खरं बोलत होते.

पण मला जायचं होतं. नवऱ्याकडं जायचं होतं, त्याहून जास्त ह्या घरातून जायचं होतं. दुपारी जिथं सगळं गाव झोपतं आणि आपण कान टवकारून बसतो, अशा घरात जन्म काढायचा नव्हता मला. हे मी आईला कधी बोलले नाही, तरी तिला कळत होतं.

शिकवायला बेळगावात टिळकवाडीत एक बाई मिळाल्या. नवऱ्याबरोबर नेदरलँड्सला वर्षानुवर्षं राहून, नवरा गेल्यावर परत आलेल्या. आठवड्यातून दोनदा मी लाल बसनं संकेश्वर, काकती करत त्यांच्याकडं जायची. बाई शिकवायच्या जेवणाच्या टेबलावर, स्टीलच्या वाट्या मांडून. एकेक वाटी म्हणजे एकेक शब्द.

"मराठीवाल्यांना हे जड जाऊ नये," त्या म्हणाल्या. "झालेली गोष्ट सांगताना मुख्य क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. मधे काय कुठं बसतं एवढंच बघायचं." मग त्यांनी ओळीत वाट्या लावल्या आणि शेवटच्या वाटीवर झाकण ठेवलं. ते झाकण म्हणजे 'पाहिलं'. "आता मधे दोन वाट्या उरल्या. एक 'काल' आणि एक 'बाई'. समजा कुणीतरी एक बाई आहे, अनोळखी. तर काल आधी, बाई मागून. इक हेब खिस्तरन एन फ्राउ खझीन. मी काल एक बाई पाहिली. पण ती बाई आपल्या ओळखीची असेल, तर ती पुढं सरकते आणि काल मागं जातो. इक हेब द फ्राउ खिस्तरन खझीन. ती बाई मी काल पाहिली."

मी वाट्यांकडं बघत राहिले. बाईंनी 'बाई'ची वाटी बोटानं 'काल'च्या पुढं सरकवली तेव्हा टेबलावर बारीक खर्र आवाज झाला.

"जुन्या घरांत असतं ना तसं," बाई म्हणाल्या. "अनोळखी माणूस सोप्यात थांबतं. ओळखीचं झालं की सरळ स्वैपाकघरापर्यंत येतं."

घरी मी माडीवर बसून मोठ्यानं घोकायची. आई खाली भाकऱ्या थापायची. एक दिवस तिनं वर तोंड करून विचारलं, "काय म्हनतीस गं मगाधरनं?"

मी खाली आले आणि अर्थ सांगितला. "मी काल एक बाई पाहिली."

"कुठं?"

"कुठं न्हाय गं, अभ्यास हाय. आनि त्याच्या फुडचं, ती बाई मी काल पाहिली."

आईचा हात भाकरीवर थांबला. "आधी एक हुती, आता ती झाली. वळख कवा झाली?"

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. आईनं दाराकडं बघितलं, म्हणून मीही बघितलं. दारात ऊन होतं.

फोनमध्ये सरावासाठी एक रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज होता. स्वच्छ, गोड आणि कुणाचाच नसलेला. तो विचारायचा, "वार वोन्ट यू?" म्हणजे तुम्ही कुठं राहता. आपण सांगायचं, मी निपाणीला राहते. आईनं त्याचाही अर्थ विचारून घेतला आणि गंभीर होऊन म्हणाली, "पत्ता इचारतीया व्हय? दिऊ नगंस." आप्पा जेवत होते, त्यांना ठसका लागला. त्या दिवशी आम्ही तिघंही हसलो. पुष्कळ दिवसांनी हसलो, म्हणून लक्षात आहे.

परीक्षा मुंबईला होती. वाचायचा भाग झाला, तो मला सोपा गेला. मग बोलायचा भाग. एका कप्प्यात बसवलं, कानावर हेडफोन, समोर पडदा आणि छोटा माइक. आवाज आला. मागून, मानेच्या जवळून आल्यासारखा. "वार वोन्ट यू?"

उत्तर मला येत होतं. झोपेत उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. पण तोंड उघडेना. मी थांबले. कशासाठी थांबलेय ते त्या क्षणी मलाही कळत नव्हतं. पडद्यावरची वेळ सरली आणि पुढचा प्रश्न आला. पुन्हा मी गप्प. तिसरा प्रश्न आला तेव्हा माझ्या तोंडातून पहिल्या प्रश्नाचं उत्तर बाहेर पडलं. घोडं पेंड खात होतं ते इथं. यंत्र काही कुणाला तीनदा हाक मारत नाही.

मी नापास झाले. नवरा फोनवर म्हणाला, "येत हुतं तर बोलली का न्हाईस?" मी माइकवर ढकललं. खरं सांगितलं असतं तर तो हसला असता, आणि तो हसला असता तर मला ते सहन झालं नसतं.

बाईंना मात्र खरं सांगावं लागलं, कारण त्या ऐकेनातच. "तुझं वाक्य चोख असतं. प्रत्येक शब्द आपापल्या जागी. मग गप्प का बसलीस?" मी तीन हाकांचं सांगितलं. त्या हसल्या. मग मी आक्काचं सांगितलं आणि त्या हसायच्या थांबल्या. टेबलावरच्या वाट्या त्यांनी एकात एक घालून ठेवल्या. "हे व्याकरण मला शिकवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "घरी कुणाला तरी बाहेर उभं करून हाक मारायला सांग. दिसत नसताना. आणि तू लगेच ओ द्यायला शीक. दुसरा इलाज नाही."

घरी कुणाला तरी म्हणजे आईलाच. तिला हे विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं. विचारलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. माझं सगळं बोलणं तिनं ऐकून घेतलं आणि सूप संपेपर्यंत निवडत राहिली.

"न्हाय ओ दिलीस तर हितंच ऱ्हाशील?" तिनं विचारलं.

"हितंच."

"आनि दिलीस तर जाशील."

"व्हय."

तिनं खडे मुठीत घेऊन अंगणात टाकले. "मी मारीन हाक," ती म्हणाली. "पर आधी उंबऱ्यावर तांब्या वाजवीन. तांब्या वाजला तर मी. न्हाय वाजला तर तोंड उघडायचं न्हाय. माझा आवाज आसला तरी न्हाय."

मग आमच्या दुपारी तशा जायला लागल्या. जेवणं उरकली, आप्पा वखारीत परत गेले, गल्ली सामसूम झाली, की आई पितळी तांब्या घेऊन बाहेर जायची आणि दार ओढून घ्यायची. मी आत सोप्यात, दाराकडं पाठ करून. ठण्ण. मग तिचा आवाज. तिला मी तीन प्रश्न शिकवले होते. नाव काय, कुठं राहता, आणि तिसरा, "वानीर कॉम्ट यू?" तुम्ही कधी येणार? त्याचं उत्तर, "इक कॉम मॉर्खन." मी उद्या येते. आमच्या निपाणीच्या हेलात डच ऐकायला विचित्र वाटायचं, जणू ती भाषा इथल्याच तंबाखूच्या रानात उगवली होती.

पहिले काही दिवस माझ्या तोंडून शब्द फुटायचा तो घामेजून. आई दार उघडून बघायची, तीही घामेजलेली. आपण पोरीला नेमकं तेच शिकवतोय ज्यानं एक पोर गेली, हे तिच्या मनात येत नसेल असं कसं म्हणू? पण तिनं एकही दुपार चुकवली नाही. हळूहळू मी सुधारले. तांब्याचा आवाज विरायच्या आत उत्तर द्यायला लागले. मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं. एखादी वाईट खोड सुटावी तसं हलकं वाटायचं.

दुसऱ्या परीक्षेला थोडेच दिवस राहिले होते. त्या दुपारी मी नेहमीच्या जागी बसले होते, दाराकडं पाठ. ऊन असं होतं की कोंबड्यासुद्धा सावलीला गप्प होत्या. आईचा आवाज आला.

"वानीर कॉम्ट यू?"

"इक कॉम मॉर्खन," मी म्हटलं. झटक्यात म्हटलं, आणि उच्चारही नीट आला म्हणून खूश झाले. पुढच्या प्रश्नाची वाट बघितली. तो आला नाही. मग ध्यानात आलं की तांब्या वाजलाच नव्हता.

मी वळून बघितलं नाही. मला वळता येईना. तेवढ्यात आतून, स्वैपाकघराशेजारच्या न्हाणीतून, आई आली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातानं ओलं तोंड पुसत. "कुनासंगं बोललीस?" तिनं विचारलं.

माझ्याकडं बघून तिला उत्तर मिळालंच असणार, पण तिनं मला बोलायला लावलं.

"कुनाच्या आवाजात हुतं?"

"तुझ्या."

"तवा तुझा हुता," ती म्हणाली. "आता माझा." मग जरा थांबून, "काय इचारलं?"

"कवा येनार."

"आनि तू?"

"उद्या."

आजही मला त्या घटनेतली सगळ्यात भीतिदायक गोष्ट आवाज वाटत नाही. आवाज सारखे असू शकतात, कान फसतात. गावात डच कुणाला येतं, हा प्रश्न मला छळतो. आई शिकली ती माझ्याकडून. मग जे कुणी बाहेरून बोललं ते कुणाकडून शिकलं? इतक्या दुपारी आई दाराबाहेर उभी राहून विचारत होती, मी आतून सांगत होते, आणि मधल्या अंगणात तिसरं कुणीतरी उभं राहून पाठ करत होतं. त्यालाही तो प्रश्न पक्का आला होता. आधी कुणीतरी एक होतं, आम्हीच त्याची ओळख वाढवली.

आईनं तांब्या खाली ठेवला. दार सताड उघडून ती अंगणात गेली, डोक्यावर पदर नाही, पायात वहाण नाही. तिथं कुणी नव्हतं. ती उन्हात मधोमध उभी राहिली आणि कुणा शेजारणीशी बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "तिची वाट बघू नगं. मी येते." तीनदा म्हणाली. माणूस तीनदा बोलू शकतं, हे तिला दाखवून द्यायचं होतं बहुतेक. मग आत येऊन तिनं दार लावलं आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मी रडले, लहान पोरीसारखी ओरडून रडले, आणि ती मला थोपटत राहिली. तिचा हात आक्काच्या वेळी माझ्या पाठीवर होता तिथंच असेल.

दुसरा दिवस म्हणजे माझा 'उद्या'. आप्पांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. जेवणं झाल्यावर आईनं दाराला कडी घातली, मला भिंतीशी बसवलं आणि माझं मनगट धरून शेजारी बसली. पंखा बंद केला, आवाज नको म्हणून. आम्ही बसून राहिलो. पुष्कळ वेळ काही झालं नाही, आणि मला वाटायला लागलं की दोघीही वेड्या आहोत.

मग बाहेरून हाक आली. एकच. एका बाईच्या नावानं, आणि त्या नावाची बाई आमच्या गल्लीत कुणी नाही. मला कळेना. आईच्या बोटांची पकड इतकी घट्ट झाली की दुसऱ्या दिवशी मनगटावर वळ होते. ती हूं की चूं बोलली नाही. दुसरी हाक आली नाही. तिसरी तर नाहीच. आप्पा येऊन तीनदा खाकरले तेव्हा तिनं माझा हात सोडला.

रात्री जेवताना मी सहज विचारल्यासारखं आप्पांना ते नाव विचारलं. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "तुज्या आईचं म्हायेरचं नाव ते," ते म्हणाले. "लग्नात बदललं. हितं कुनाला ठावं न्हाय. तुला कुनी सांगितलं?"

मी पास झाले. मुंबईच्या त्या कप्प्यात आवाज आला आणि माझं उत्तर त्याच्या पाठोपाठ गेलं, सगळ्या प्रश्नांना. घाबरायचं शिल्लक काय होतं आता. पुढं कागदपत्रं झाली, व्हिसा आला. निघायच्या दिवशी आई देवासमोर नारळ ठेवून फाटकापर्यंत आली. माझ्याबरोबर तिनं मेतकूट दिलं, चटण्या दिल्या, आणि तांब्या द्यायला लागली. "तिकडं दाराला घंटी असते," मी म्हटलं. "तुलाच लागंल." तिनं तो पिशवीतून काढून परत घेतला.

इथं येऊन मला आता बरेच दिवस झाले. इथं कुणी कुणाला हाक मारत नाही. दारावर बटण असतं, ते दाबतात. गावच्या दुपारसारखी सामसूम इथं दिवसभर असते, पण तिच्यात मला भीती वाटत नाही, नुसता कंटाळा येतो. मी भाषेच्या वर्गात जाते. परवा मास्तरीणबाईंनी पुन्हा तोच धडा घेतला, काळाचा शब्द कुठं बसतो त्याचा. मी वहीवर वाक्यं लिहीत होते आणि एकदम आईचं अंगणातलं वाक्य आठवलं. तिची वाट बघू नगं. मी येते. मी कधी येणार ते चोख सांगितलं होतं. आईनं सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी फोनवर मी तिला म्हटलं, "आई, त्या दिवशी येते म्हनालीस, पर कवा ते न्हाय सांगितलंस."

ती खुदकन हसली. "म्या काय शाळा शिकल्याली न्हाय, पर येवढं कळतंय. तू सुखरूप पोचंस्तवर त्याला थांबवायचं हुतं."

मी काहीतरी बोलून तो विषय उडवला. फोन ठेवल्यावर मात्र एक गोष्ट खटकली. पूर्वी आई फोनसुद्धा लगेच घ्यायची नाही. दोन वेळा वाजून बंद होऊ द्यायची आणि तिसऱ्यांदा लावला की उचलायची. नवरा चिडायचा, पण तिचा तो नेम होता. हल्ली ती पहिल्याच रिंगला उचलते. केव्हापासून, ते मला आठवेना. दुसऱ्या दिवशी मुद्दाम लावून बघितलं. रिंग पुरती वाजलीही नाही आणि आई, "बोल गं."

"आई, पहिल्याच रिंगला उचललास?"

"मग?"

"तीनदा वाजू द्यायचं न्हाय व्हय? आनि दारात? दारात कुनी हाक मारली तर?"

"आता कशाला थांबू गं?" ती म्हणाली. आवाजात दुःख नव्हतं. दिवसभराचं काम हातावेगळं झालेल्या बाईचा आवाज होता तो. "तू पोचलीस न्हवं."

मी त्याच रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. आक्कापासून सांगितलं. तो हसला नाही. त्यानं लॅपटॉप उघडला आणि माझं तिकीट काढलं, मला न विचारता, आणि लग्नानंतर प्रथमच मला वाटलं की दुसरा बघितला नाही ते बरं झालं.

आज सकाळी मी घरी फोन लावला. तिकडं भर दुपार. पहिल्याच रिंगला उचलला गेला. आईचा आवाज, आणि तिनं गंमत करावी तसं विचारलं, "वानीर कॉम्ट यू?"

ओठांवर आलेलं उत्तर मी दाबून धरलं. कानाला फोन घट्ट लावून बसले. पलीकडं कुठंतरी दूर कोंबडी बोलली. आईनं पुन्हा विचारलं. मी गप्प. नवरा माझ्याकडं बघत होता, मी त्याला हातानं थांबवलं. मग पलीकडं काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, पितळ दगडावर आपटलं, ठण्ण, आणि आई तिसऱ्यांदा म्हणाली, आता चिडून, "आगं ए, कवा येनार म्हनून इचारतीया मी!"

"येते," मी म्हटलं. कधी, ते सांगितलं नाही.